नवा सर्व्हर हवाच, पण आधी चावडी वाचन

— ऊस विकास अधिकारी



या अंकासाठी मी खोडव्यातील पाचट व खतमात्रा या विषयावर चार शब्द लिहून ठेवले होते. ते आता पुढच्या अंकी. कारण गेले पंधरा दिवस शिवारात जिथे मोटारसायकल उभी करावी तिथे एकच प्रश्न कानी पडतो आहे. परवा एका गावी पारावर बसलेले आबा म्हणाले, "काय वो साहेब, कारखान्याचा कॉम्प्युटर काढून नवा बसवणार म्हणं. मग आमच्या लागणीच्या नोंदी जुन्यातच ऱ्हायल्या तर आमी कुणाच्या दारात जायाचं?" शेजारी बसलेला एक तरुण सभासद हसून म्हणाला, "आबा, आता सगळं आपोआप जातंय."

मला विचाराल तर आबांची शंका रास्त आहे आणि तरुणाचे हसणे जरा घाईचे आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, आणि त्याची देखरेख करणारी प्रणाली बदलण्याच्या खर्चाचा विषय आहे. सभेत हात वर करण्यापूर्वी या विषयात आपले काय पणाला लागले आहे ते सभासदांनी समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख. मी संगणकाचा इंजिनिअर नव्हे, कृषी पदविका घेतलेला शेतकी खात्यातला माणूस आहे. पण या यंत्रात जे भरले आहे त्यातले निम्मे माझ्या खात्यातून गेलेले आहे. म्हणून बोलायचा अधिकार आहे, आणि थोडी कबुली द्यायचीही जबाबदारी आहे.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. जुन्या वाड्यात धान्याचे कोठार असे आणि त्यावर एक दिवाणजी असे. कोठार म्हणजे सर्व्हर. त्यात आपल्या लागणीच्या नोंदी, वजनकाट्याच्या पावत्या, ऊसबिले, भागभांडवल, सोसायटीची वसुली असे सारे साठवलेले असते. दिवाणजी म्हणजे त्या सर्व्हरची देखरेख करणारी प्रणाली. कोणाला कोणत्या खोलीची किल्ली द्यायची, वजनकाट्याचा आकडा कोणत्या पानावर उतरवायचा, रात्री किती वाजता सगळ्या वह्यांची नक्कल करून दुसरीकडे ठेवायची, बँकेकडे बिलाची यादी कोणत्या वाटेने पाठवायची, हे सगळे तो सांभाळतो. या सगळ्या ठरावांना मिळून संगणकवाले मांडणी म्हणतात. दिवाणजी म्हातारा झाला म्हणून बदलला, पण त्याच्या डोक्यातली माहिती नव्याला दिलीच नाही, तर कोठार भरलेले राहूनही घर उपाशी राहील. आपला प्रश्न नेमका हा आहे. यंत्र दुकानात मिळते. मांडणी विकत मिळत नाही, ती जुन्यातून नव्यात नीट न्यावी लागते.

आता काही सभासद विचारतात, "चाललंय ना जुनं? मग कशाला खर्च?" हा प्रश्न सहकारात विचारलाच पाहिजे, कारण पैसा सभासदांचा आहे. त्याचे उत्तर असे. आपला मुख्य संगणक ज्या विंडोज सर्व्हर २०१२ प्रणालीवर चालतो, तिला कंपनीने द्यायची नेहमीची मदत १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबली. त्यानंतरच्या संरक्षक दुरुस्त्या जादा पैसे मोजणाऱ्यांना, आणि त्याही फार तर ३ वर्षे. म्हणजे कुंपणाला भगदाड पडले तर बुजवणारा आता कोणी नाही. को ८६०३२ चे बेणे कितीही गुणी असले तरी त्याच शेतातले तेच बेणे वर्षानुवर्षे वापरले तर काय होते ते तुम्ही जाणता. ऊस उभा दिसतो, उतारा घटतो, गवताळ वाढ शिरते. मग आपण मूलभूत बेण्यापासून पुन्हा सुरुवात करतो. यंत्राचेही तसेच आहे.

भगदाडातून काय शिरते याची उदाहरणे लांब शोधायला नकोत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या संगणकी किडीने जगभर थैमान घातले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांची कामे त्यात अडली. त्या किडीवरची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती लावली नाही ते सापडले. पुढच्याच वर्षी आपल्या पुणे शहरात, गणेशखिंड रस्त्यावर मुख्य कचेरी असलेल्या कॉसमॉस या १९०६ सालच्या सहकारी बँकेवर घाला पडला. ऑगस्ट २०१८ मध्ये बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत चोरट्यांनी शिरकाव केला आणि २८ देशांतून पैसे काढले. परदेशी वळवलेली रक्कम धरून ९४ कोटी रुपयांहून अधिकचा तो फटका होता. त्यानंतर ३१ जुलै २०२४ रोजी बँकांना संगणकसेवा देणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांनी कुलूप घातले आणि देशातल्या जवळजवळ ३०० छोट्या बँकांचे, त्यांत सहकारी व ग्रामीण बँका बऱ्याच होत्या, मोबाईलवरचे व एटीएमचे व्यवहार थांबवावे लागले. चोर शिरला तो एका भागीदार कंपनीच्या चुकीची मांडणी असलेल्या सर्व्हरमधून, असे संगणक सुरक्षेच्या अभ्यासकांनी पुढे सांगितले. सहकारी संस्था लहान आहे, ग्रामीण आहे, म्हणून चोर तिकडे फिरकत नाही, या समजुतीत राहण्यात अर्थ नाही. उलट राखणदार कमी म्हणून तो आधी तिकडेच येतो.

तेव्हा सर्व्हर बदलावा या मताचा मी आहे. पण इथून पुढे माझे मत प्रस्ताव मांडणाऱ्यांपेक्षा थोडे वेगळे पडते.

प्रस्ताव असा आहे की दसऱ्याला बॉयलर अग्निप्रदीपन होण्यापूर्वी सगळे नवे बसवून टाकायचे. मला हे पटत नाही. कारण बिघाड यंत्र बदलल्याने होत नाही, नोंदी व मांडणी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना होतो. तो कसा होतो ते आपल्याच शेतातल्या उदाहरणांनी सांगतो.

तारखेचे घ्या. आपण आधी दिवस, मग महिना लिहितो. अमेरिकन पद्धतीच्या संगणकात आधी महिना, मग दिवस असतो. मांडणी नेताना ही एक खूण चुकली तर काय होते? एखाद्याने १० जानेवारी २०२५ रोजी सुरू ऊस लावला. आपल्या वहीत ते १०/०१ आहे. नवे यंत्र त्याला १ ऑक्टोबर समजते. जानेवारी २०२६ मध्ये त्या गड्याचा ऊस वर्षाचा होऊन तोडीला आलेला असतो, पण यंत्राच्या लेखी तो तीन महिन्यांचे पोर. त्याची पाळी त्या हंगामात लागणारच नाही. उलट ज्याने १ ऑक्टोबर २०२४ ला पूर्वहंगामी लावला, त्याचे ०१/१० हे यंत्र १० जानेवारी २०२४ म्हणून वाचते आणि त्याचा ऊस नऊ महिने वयाने वाढून सगळ्यांच्या पुढे उभा राहतो. २० जुलैच्या आडसालीचे तर आणखी वेगळे. विसावा महिना कॅलेंडरात नाही, म्हणून ती तारीखच कोरी पडते. आणि गंमत अशी की ७ जुलैची तारीख ०७/०७ असल्याने बदलतच नाही. तपासणाऱ्याने नमुन्यादाखल नेमकी तीच नोंद उघडली तर तो म्हणेल, "सगळं बरोबर आहे." तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेवर चालतो, आणि कार्यक्रम चुकला की गावात भाऊबंदकी पेटते. यात कोणाची लबाडी नसते, एका खुणेची चूक असते. पण शिव्या मात्र शेतकी खात्याला पडतात.

क्षेत्राचे तसेच. १ हेक्टर ५ आर हे आपण १.०५ लिहितो. मधले शून्य गळाले की ते १.५ होते आणि क्षेत्र १ हेक्टर ५० आर दिसते. हेक्टरी १०० टनाचा अंदाज धरला तर कागदावर ४५ टन ऊस आकाशातून आला. टोळी जाते, ऊस तेवढा निघत नाही, मग सभासदाने ऊस बाहेर घातला असा संशय. बिचाऱ्याने काहीच केलेले नसते.

तिसरी गोष्ट नावांची. संगणकावर मराठी लिहिण्याची सोय करण्यात पुण्याचा वाटा मोठा. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार केला आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचेही मोठे काम केले. पण त्या काळात निरनिराळ्या कंपन्यांची मराठी अक्षरे निरनिराळ्या पद्धतीने साठवली जात. आज सगळीकडे युनिकोड आहे. जुन्या अक्षरांतली नावे त्यात नेताना वेलांटी इकडची तिकडे होते, रफार उडतो, जोडाक्षर फुटते. एकाच गावात एकाच नावाचे तीन सभासद असताना वडिलांच्या नावातले एक अक्षर फुटले तर बिल कोणाच्या खात्यावर जाईल ते सांगता येत नाही. आपण सभासद क्रमांक वापरतो खरे, पण क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्यही नव्या यंत्रात गळू शकते, आणि मग एका गटाचा क्रमांक दुसऱ्या गटाचा भासतो.

चौथी आणि खिशाला थेट लागणारी गोष्ट दराच्या कोष्टकाची. एफआरपीसाठी धरायचा पायाभूत उतारा पूर्वी ९.५ टक्के होता. २०१८-१९ च्या हंगामापासून तो १० टक्के झाला आणि २०२२-२३ पासून १०.२५ टक्के. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे असा दर केंद्राने ठरवला. आता समजा जुन्या मांडणीतून पायाभूत उताऱ्याचा १० हा जुना आकडा नव्या कोष्टकात तसाच आला. पाव टक्क्याच्या फरकाने टनाला ८६ रुपये ५० पैशांची चूक झाली. शंभर टनाला ८,६५० रुपये. जादा वाटले गेले तर पुढच्या बिलातून कापताना भांडणे, आणि चूक उलट बाजूला झाली तर सभासदाचे नुकसान. शिवाय ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, न दिल्यास सालीना १५ टक्के व्याज. संगणक नवा बसवत होतो म्हणून बिल थांबले, ही सबब कायद्याला चालत नाही.

आता वजनकाट्याचा विचार करा. नव्या प्रणालीत काट्याची जोडणी लागली नाही, तर गव्हाणीकडे ऊस सोडता येत नाही. केनयार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा उभ्या राहतात. तोडलेला ऊस जसजसा वाळतो तसतसे वजन घटते, साखरही घटते. वजनाचा तोटा सभासदाचा, साखरेचा तोटा कारखान्याचा, म्हणजे पुन्हा सभासदाचाच. बैल उपाशी आणि तोडणीवाले रात्रभर थंडीत, ते वेगळेच. हंगामाच्या तोंडावर ही जोखीम घ्यायला मी तयार नाही.

"मग करायचं तरी कसं?" असे तुम्ही म्हणाल. त्याचा धडाही पुण्यातच आहे. राज्याच्या जमाबंदी आयुक्तांची कचेरी पुण्यात आहे. हस्तलिखित सातबारा संगणकावर नेण्याचे काम तिच्या देखरेखीखाली झाले आणि ई-फेरफार ही प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केली. आरंभी काय झाले ते तुम्हा-आम्हा सर्वांना माहीत आहे. हस्तलिखितात एक क्षेत्र, संगणकात दुसरे. एखाद्या वारसाचे नाव गळालेले, कोठे बोजा राहून गेलेला. लोकांनी हेलपाटे मारले, चपला झिजवल्या. पण नंतर सरकारने एक शहाणपणाची गोष्ट केली. २०१७ साली गावोगाव चावडी वाचनाची मोहीम घेतली. संगणकातला सातबारा गावासमोर वाचून दाखवायचा, ज्याचा त्याने ऐकायचा, चूक असेल तर तिथेच सांगायची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमादांच्या दुरुस्त्या करून घेतल्या. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. सगळे दोष गेले असे मी म्हणणार नाही. पण क्रम ध्यानात घ्या. आधी वाचन, मग दुरुस्ती, मग सही. शहाण्यातला शहाणा प्रोग्रामर जी चूक पकडू शकला नाही, ती चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्याने पकडली, कारण जमीन त्याची होती.

हा क्रम मोडला की मोठमोठेही आपटतात. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये लक्षावधी ग्राहकांची खाती एका फटक्यात नव्या यंत्रणेवर नेली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपले खातेच उघडता येईना, आणि व्यवहार पूर्ववत व्हायला महिने लागले. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी त्या बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. पैसा, माणसे, तज्ज्ञ, त्यांना काय कमी होते? पुरती चाचणी झाली नव्हती, एवढेच.

आता ती कबुली. नव्या यंत्रात जुनी मांडणी जशीच्या तशी न्यावी, असा आमच्या कचेरीतला एक विचार आहे. काम लवकर होते, हे खरे. पण जुन्या मांडणीत काय काय आहे? लागणीची तारीख बदलण्याचा हक्क किती जणांना आहे, हे मी परवा संगणक विभागात बसून पाहिले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. एक परवलीचा शब्द आमच्या खात्यातले पाच जण वापरतात. निवृत्त झालेल्या दोघांची नावे यादीत अजून जिवंत आहेत. तारीख बदलली तर ती कोणी, केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून बदलली याची खूण राहत नाही. अशा व्यवस्थेत कोणी पाळी मागे-पुढे केलीच असे मी म्हणत नाही. पण कोणी केली असती तर सापडला नसता, एवढे मात्र खरे. आणि पारावर जी कुजबुज चालते, "पाव्हण्याचा ऊस आधी, आमचा मागनं," तिला उत्तर द्यायला आमच्याजवळ कागद नाही. शेतकी खात्याची ही उणीव आहे आणि तिच्यात माझा वाटा आहे.

नवे घर बांधताना जुन्या घरातले सामान नेतो, तेव्हा आपण ढेकणांची खाट तशीच उचलून नेत नाही. उन्हात टाकतो, झटकतो, मग नेतो. प्रत्येक हक्काची यादी करावी. हा हक्क कोणाला, कशासाठी, असे विचारावे. ज्याला गरज नाही त्याची किल्ली काढून घ्यावी. यात काही जणांची सोय जाईल, माझ्याही खात्याची जाईल. जाऊ द्यावी.

तेव्हा सभेपुढे माझ्या सूचना अशा आहेत.

१. खर्चाला येत्या सभेत मंजुरी द्यावी, पण प्रत्यक्ष बदल यंदाचा हंगाम संपून बिले भागल्यावर, मे-जून महिन्यांत करावा. जुलैपासून आडसालीच्या नव्या नोंदी सुरू होतात, त्या नव्या यंत्रातच व्हाव्यात.

२. तोपर्यंत जुने यंत्र उघड्यावर ठेवू नये. त्याची बाहेरची, नको असलेली दारे बंद करावीत. रोजची नक्कल काढावी आणि ती कारखान्याच्या आवाराबाहेर, यंत्राला न जोडता ठेवावी. दर महिन्याला त्यातली एक नक्कल उघडून खरोखर वाचता येते का, ते पाहावे. न उघडलेली नक्कल म्हणजे न उगवलेले बेणे. त्याच्या भरवशावर वाफा सोडू नये.

३. सध्याची सगळी मांडणी, म्हणजे हक्क, दरांची कोष्टके, कपातीची यादी, काट्याच्या व बँकेच्या जोडण्या, साध्या मराठीत एका वहीत लिहून काढावी आणि तिच्यावर खातेप्रमुखांच्या सह्या घ्याव्यात. आज ही माहिती एका-दोघांच्या डोक्यात आहे. उद्या ते नोकरी सोडून गेले तर?

४. नोंदी नव्या यंत्रात नेल्यावर गटवार चावडी वाचन करावे. सभासद क्रमांक, नाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, सोसायटीची वसुली, एवढे छापून गट ऑफिसात आठ दिवस लावावे आणि एक दिवस मोठ्याने वाचावे. वसुलीची रक्कम सर्वांपुढे वाचू नये, ती ज्याची त्याला चिठ्ठीवर द्यावी.

५. गेल्या हंगामातल्या एका पंधरवड्याची बिले नव्या यंत्रावर पुन्हा काढून जुन्या बिलांशी पै-पैशाने ताडून पाहावीत. फरक आला तर कारण सापडल्याखेरीज पुढे जाऊ नये.

६. जुने यंत्र भंगारात घालू नये. नव्याचा पहिला हंगाम पार पडेपर्यंत ते सीलबंद, पण चालू स्थितीत ठेवावे.

७. पुरवठादाराशी करार करताना नोंदी कारखान्याच्या मालकीच्या राहतील आणि मागताच वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळतील, हे कलम घालावे. नाहीतर उद्या पुरवठादार बदलायचा म्हटले की आपलेच धान्य त्याच्या कुलपात.

यावर एक आक्षेप येईल, तो मीच मांडतो. वाचनाला सभासद येत नाहीत. आले तरी गोंधळ होतो. वेळ आणि पैसा जातो. खरे आहे. पण वाचनाला न आलेला सभासद हंगामात येतोच, आणि तेव्हा तो एकटा येत नाही. मेमध्ये आठ दिवस दिलेले बरे की जानेवारीत गेटवर धरणे धरलेले बरे, ते संचालक मंडळाने ठरवावे. दुसरे असे की आपल्या सभासदांची कितीतरी मुले-मुली पुण्यात खराडीला, मगरपट्ट्यात संगणक कंपन्यांत हेच काम करतात. मगरपट्टा म्हणजे तरी काय? हडपसरच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा धरून शहर वसवले. जिथे ऊस होता तिथे आज संगणकाच्या कचेऱ्या आहेत. या मुलांपैकी दोघा-तिघांना सुट्टीच्या दिवशी बोलावून तपासणी समितीत बसवले तर त्यांना आनंदच होईल. बाहेरचा तज्ज्ञ जे सांगणार नाही ते बापाच्या बिलाखातर ती मुले सांगतील.

पुण्याच्या साखर संकुलात बैठकीला जातो तेव्हा पुढचे वारे दिसतात. साखर आयुक्तालयाने २०२२ साली ऊस नोंदणीसाठी मोबाईलवरचे महा-ऊस नोंदणी ॲप आणले. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले आहेत. उपग्रह, जमिनीतले संवेदक, हवामान केंद्र, हे सगळे येणार आणि आले पाहिजे. पण उपग्रहाने कितीही अचूक पाहिले तरी तो पाहील आपल्या नोंदीतला गट नंबर आणि आपल्या नोंदीतली तारीख. मुळात तीच चुकली असेल तर आकाशातून पाहूनही चूकच दिसेल. सरीच वाकडी पडली तर ठिबकचे पाणी तरी सरळ कसे जाणार?

शेवटी सभासदांना एक विनंती. यंत्राचा दोष काढण्याआधी आपलीही बाजू पाहावी. वाटणी झाली पण नोंद थोरल्याच्याच नावावर. ऊस मोडून दुसरे पीक घेतले पण कळवले नाही. मोबाईल नंबर तीनदा बदलला. बँक खाते बंद पडले. क्षेत्र सांगताना बांधासकट सांगितले. चुकीची नोंद नव्या यंत्रात गेली तर ती अधिक वेगाने चुकेल, एवढाच फरक. तेव्हा गट ऑफिसात या, आपली नोंद पाहा, आणि बरोबर असेल तर तसे सांगून सही करा. चूक असेल तर आमच्या शेतकी मदतनिसाला तिथेच धरा. मला धरलेत तरी राग नाही.

पारावरच्या त्या आबांना मी त्या दिवशी एवढेच म्हणालो, "आबा, तुमची नोंद नव्या यंत्रात गेली की नाही ते मी सांगून भागणार नाही. तुम्ही स्वतः ऐका आणि मग हो म्हणा." त्यावर ते म्हणाले, "मग वाचायच्या दिवशी सांगावा धाडा. चष्मा नाही, पर कान हाईत अजून." हे कान कारखान्याच्या कामी यावेत, यासाठी चावडी वाचनाची सूचना सभासदांनी सभेत आग्रहाने मांडावी, अशी नम्र विनंती करून माझे दोन शब्द संपवतो.

जय सहकार.